मुशीत न गेलेला वीर

आमच्या दुकानात चांदी दोन प्रकारची येते. मिरवायची आणि मोडायची. मिरवायची चांदी माणसं सरळ काउंटरवर ठेवतात. मोडायची चांदी मुठीत धरून आणतात आणि मूठ उघडण्याआधी मागे कोण उभं आहे ते बघून घेतात. सराफाच्या भाषेत तिला ‘मोड’च म्हणतात. ती मुशीत, म्हणजे भट्टीत ठेवायच्या मातीच्या जाड वाटीत जाते आणि वितळली की कोणाचीच राहत नाही. या मोडीत अधूनमधून जुनी नाणी येतात, पदकं येतात. ती मुशीत जाण्याआधी वाचून बघायची, हे माझं काम.

हे काम मला लाजाळूपणामुळे मिळालं. मी कल्याणच्या इंग्रजी शाळेत शिकले. मार्क बरे पडत, पण चार माणसांपुढे तोंड उघडायची वेळ आली की आवाज घशातच राहायचा. पदवीनंतर दोन मुलाखतींत मी नाव सोडून काही बोललेच नाही. आईने कंटाळून मला शहापूरला तिच्या भावाच्या पेढीवर पाठवलं. “बाजारपेठेतलं दुकान आहे, दिवसभर माणसं येतात. माणसात ये जरा,” म्हणाली. मामाने मला एकदा नीट पाहिलं आणि आतल्या बाजूला, भिंग आणि दिव्यापाशी बसवलं. “हिला बोलायला लावू नका. हिला बघायला लावा,” एवढंच त्याने कारागिरांना सांगितलं. नव्वदचं दशक संपायला आलं होतं. त्या एका वाक्याबद्दल मी मामाची आजही ऋणी आहे.

मामाने पहिल्याच आठवड्यात दोन नियम शिकवले. “वस्तू कुठून आली ते गिऱ्हाइकाला विचारायचंच. देव कुठून आला ते कधीही विचारायचं नाही.” पहिला नियम चोरीच्या मालासाठी. दुसरा कशासाठी, हे कळायला मला काही वर्षं लागली.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. कसाऱ्याचे एक निवृत्त रेल्वे कामगार कोटाचं एक पिवळंधमक बटण घेऊन यायचे. ते सोन्याचं आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. मामाने कसोटीवर घासून दाखवलं, ॲसिडचा थेंब टाकून दाखवला. रेघ पुसली गेली.

“पितळ आहे, दादा.”

“पितळ असता तर येवडी वर्सं चमाकला असता?”

“तुम्ही रोज घासताय म्हणून चमकतंय.”

ते रागाने निघून गेले आणि पुढच्या वर्षी पुन्हा आले. मामाने पुन्हा तितक्याच गांभीर्याने कसोटी काढली. गिऱ्हाईक आपल्याकडे खात्री करायला येतं, त्याला उत्तर आवडायलाच हवं असं नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले.

पण पदकं वाचायला मला शिकवलं ते मुरबाडच्या एका निवृत्त गुरुजींनी. भीमजयंतीच्या आधी ते आजोबांचं पदक घेऊन आले. आजोबा पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आलेले. दर जयंतीला घरात बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीशेजारी ते पदक मांडायचं, अशी त्यांची रीत. पदकाची कडी तुटली होती, ती जोडून हवी होती. मी उत्साहाने पॉलिशची बाटली उचलली.

“ताई, ती ठेवा खाली,” गुरुजी म्हणाले. “आजोबांच्या छातीला लागून काळं झालंय ते. ते काळं त्यांचं आहे.”

मी बाटली ठेवली. मग त्यांनी पदक आडवं धरून मला कड दाखवली. कडेवर बारीक ठोकलेली इंग्रजी अक्षरं होती. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण.

“समोर राजाचं तोंड आहे. ते सगळ्यांच्या पदकांवर सारखंच. कडेवर बघायचं. समोरची बाजू सरकारची, कड माणसाची.”

इंग्रजांच्या काळातल्या पदकांबद्दल जे सांगायचं ते बरंचसं या वाक्यात आलं. लोकांना वाटतं, पदक म्हणजे शौर्य. मोहिमेचं पदक शौर्याचं नसतं. ते हजेरीचं असतं. त्या लढाईत, त्या नदीवर, त्या जहाजावर हा माणूस होता, एवढंच ते सांगतं. लढाई कोणावर लादलेली होती, कोणाचं राज्य बुडालं, याबद्दल ते गप्प असतं. आणि पुष्कळशा पदकांच्या कडेवर नाव घातलेलं असतं. ते वितळलं तर त्या माणसाच्या हजेरीचा तेवढा पुरावा गेला.

यानंतर काही वर्षांनी भागाबाई आल्या.

भागाबाई सापगावच्या पलीकडच्या एका वाडीतल्या. भातशेतीचं घर. सत्तरीच्या असतील, पण दुकानाची पायरी कोणाचा हात न धरता चढायच्या. सोबत मुलगा काशिनाथ. तो वासिंदला कंपनीत कामाला होता आणि त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. नवरी मुरबाडजवळच्या म्हसा गावची. लग्नाआधी घरातले झिजलेले टाक नवे करायचे होते.

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव. आमच्या भागात जुन्या घरांत देव्हाऱ्यात कुलदेवाच्या टाकांबरोबर वीरांचेही टाक असतात. वीर म्हणजे घरातला असा पुरुष, जो लग्नाआधी, अवेळी गेला. त्याचं मागे कोणी नाही म्हणून घराने त्याला देव्हाऱ्यात जागा द्यायची, वर्षातून एकदा नैवेद्य दाखवायचा, नाहीतर तो भटकत राहतो. टाक वर्षानुवर्षं चिंचेने धुऊन, हळद लावून झिजतो. मग तो सराफाकडे आणून वितळवायचा, त्यात नवी चांदी घालायची आणि नवा घडवायचा. म्हणजे जुन्यातला जीव नव्यात उतरतो. हे काम सकाळी, घरच्यांच्या समोर करायचं, आणि त्या मुशीत दुसऱ्या कोणाची चांदी मिसळायची नाही. मामा त्या दिवशी चहासुद्धा नंतर घ्यायचा.

भागाबाईंनी पदराची गाठ सोडली. खंडोबा आणि देवी मामाने तळहातावर घेतली. तीन वीर घेतले. चौथा घेताच त्याचा हात थांबला. तो पत्रा नव्हता. गोल, जाड, जड होता. त्याने तो माझ्याकडे सरकवला.

एका बाजूचा चेहरा झिजून साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झाला होता. दुसऱ्या बाजूला, देव्हाऱ्यातल्या पाटाकडे असायची त्या बाजूला, चित्र अजून कळत होतं. बसलेला एक योद्धा आणि त्याच्या डोक्यावर हार धरून उभी असलेली, पंख असलेली बाई. देवी वीराला हार घालते आहे. टाक म्हणून पुजायला याहून योग्य चित्र कुठल्या सोनाराने काढलं असतं? फीत ओवायची वरची दांडी कोणीतरी कधीकाळी कापली होती, म्हणजे पाटावर नीट बसावा. कडेवर हळदीचा आणि धुराचा जाड काळा थर होता.

मी बांबूची काडी कोमट पाण्यात बुडवून तो थर हळूहळू काढला. आधी एक ‘एच’ दिसला. मग बाकीची अक्षरं. लेफ्टनंट, दोन आद्याक्षरं, आडनाव आणि राणीच्या आरमारातलं एक जहाज.

तोवर मामाने भट्टी पेटवली होती. कारागीर चांदी वितळताना घालायचा टाकणखार घेऊन बसला होता. मी मामाजवळ जाऊन हळूच सांगितलं.

“गिऱ्हाइकाचा देव आहे,” मामा भट्टीकडे बघत म्हणाला. “आपण बोलायचं नाही.”

“मुशीत गेलं की नाव जाईल.”

“आणि बोललीस तर देव जाईल. लग्न आहे घरात.”

दुसरा नियम कशासाठी होता ते मला त्या क्षणी कळलं. मामाचं बरोबर होतं. पण मामाने चिमट्याने पहिला वीर उचलून मुशीत ठेवला आणि मी काउंटरच्या बाहेर आले. गिऱ्हाइकांच्या बाजूला मी तोवर क्वचितच उभी राहिले असेन.

“आजी, या वीरावर नाव आहे.”

भागाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “कोनाचा?”

मी वाचून दाखवलं. लेफ्टनंट म्हणजे काय ते सांगितलं. हे राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं पदक आहे, एका आरमारी अधिकाऱ्याचं, हेही सांगितलं.

काशिनाथचा चेहरा पडला. “म्हंजे गोरा? आमी गोऱ्याचा बिल्ला पुजतो देव्हाऱ्यात?” त्याने मागे पाहिलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. “मामा, तुमी घाला तो मुशीत. सगल्यात आधी घाला. घोड्यावरचा वीर काढा चांगला. म्हशाची लोकं सून घेऊन देव्हाऱ्यासमोर बसनार, कोनी वाचला तर जन्माची चेष्टा होईल.”

“थांब रे,” भागाबाई म्हणाल्या. “गोरा हाय ते मला ठावं हाय.”

“तुला ठावं होता?”

“माज्या सासूला पन ठावं होता. तू कदी इचारलास?”

मग तिथेच, दुकानाच्या बाकावर बसून त्यांनी सांगितलं. त्यांच्या नवऱ्याचा पणजोबा मोजणीवाल्यांच्या तंबूवर, जमीन मोजायची साखळी धरायला होता. तानसा नदीचं पाणी मुंबईला न्यायला तेव्हा डोंगरात मोजणी चालली होती. त्या तंबूतला एक साहेब पावसात तापाने पडला. नदीला पाणी होतं, पलीकडून डॉक्टर येऊ शकला नाही. बाकीचे नोकर साथीच्या भीतीने पांगले. पणजोबा उशाशी बसून राहिला. सकाळी साहेब गेला तेव्हा त्याच्या मुठीत हे होतं. सामानाची पेटी सरकारी माणसं घेऊन गेली. मुठीतलं कोणी मागितलं नाही.

“बायको नाय, पोर नाय, आई कुटं दूर दर्यापार. आन मेला आमच्या हद्दीत. त्याला वीर नाय करायचा तर काय करायचा? आमचीच पोरं आजारी पडली असती.”

काशिनाथ मात्र ऐकेना. “मंग आता नव्यात येऊ दे त्याला. घोड्यावर बसव. जीव तर त्योच ना?”

हे चुकीचं नव्हतं. रीत तशीच होती. भागाबाईंनी पदक हातात घेऊन त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग मला म्हणाल्या, “ह्ये नाव जे तू वाचलास, त्ये त्याच्या आईनं ठेवलेला का?”

मी म्हटलं, ते आडनाव आहे. नावाची फक्त पहिली अक्षरं आहेत.

“बाकीच्या तिघांना आमी हाक मारतो, घरातली. ह्याला नुसता साहेब म्हनतो. आता ध्यानात आला तर तसाच मुशीत कसा घालू? त्याची मानसं हायेत का बघ गो. असली तर त्यास्नी इचार, वितळू का म्हनून. आन आई काय हाक मारायची त्ये इचार.”

“आये, लगीन आठ दिसांवर हाय.”

“तवर सुपारी मांडू.”

देवाच्या जागी सुपारी चालते. काशिनाथ बाकीचे टाक बघायला भट्टीसमोर जाऊन बसला. जाताना मात्र मला म्हणाला, “ताई, तुमी वाचलाच नसता तर बरा झाला असता.” त्याला दोष देत नाही. त्या आठ दिवसांत मलाही दोनतीनदा तसंच वाटलं.

ठाण्याचे एक संग्राहक आमच्याकडे नाणी बघायला यायचे, त्यांनी मला वाट दाखवली. पदकांचे शौकीन जगभर असतात आणि त्यांच्या हाती जुन्या आरमारी याद्या असतात. शहापूरला तेव्हा नुकतंच सायबर कॅफे सुरू झालं होतं. शेजारी कॉलेजची मुलं गेम खेळत बसलेली, आणि मी तिथे बसून परदेशातल्या अनोळखी माणसांना विचारत होते, हा लेफ्टनंट कोण होता? लिहिताना मला लाज वाटत नाही, म्हणून ते जमलं.

लग्न झालं. सुपारी मांडून झालं. उत्तर आलं ते त्यानंतर. एका इंग्रज गृहस्थांनी यादीतून त्याची नोकरी काढून दिली. पोरवयात आरमारात भरती झालेला. ज्या वयात आपल्याकडची मुलं सातवी-आठवीत असतात, त्या वयात जहाजावर. इजिप्तच्या लढाईत हजर, त्याचं एक पदक, आणि तिथल्या राजाने दिलेला काशाचा तारा. मग ब्रह्मदेश. तोफा चढवलेल्या बोटींतून इरावतीने वर जायचं, मंडालेपर्यंत. तिथला राजा पदच्युत झाला. त्याला आपल्याकडेच, रत्नागिरीला आणून ठेवलं, एवढं मला शाळेतलं आठवत होतं. आमच्याकडचं पदक या मोहिमेचं. तिथे ताप लागला तो सुटला नाही. आरमाराने आजारी म्हणून रजा दिली आणि यादीत पुढे त्याचं नाव नव्हतं. तिथून तो तानसाच्या मोजणीवर कसा आला ते यादीत नव्हतं, पोटासाठी आला असावा. त्या गृहस्थांनी शेवटी लिहिलं होतं, त्याच्या भावाची नात हयात आहे. तिला तुमच्या दुकानाचा नंबर दिला आहे.

मला वाटलं, ती पत्र लिहील. तिने फोन केला. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाइकं. मामाने फोन उचलला, दोन क्षण ऐकलं आणि रिसीव्हर गरम असल्यासारखा माझ्या हातात दिला.

पलीकडचा आवाज म्हातारा आणि खणखणीत होता. सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि तिला इंग्रजीत सांगितलं, कोणत्या घरात आहे, कसं आलं, देव्हारा म्हणजे काय. ती मध्ये एकदाच बोलली.

“म्हणजे तो एकटा नव्हता.”

“नाही,” मी म्हटलं. “उशाशी माणूस होता.”

मग तिने सांगितलं की त्याची दोन पदकं पेटीतून घरी आली होती, तिसऱ्याची जागा आजही त्या पेटीत रिकामी आहे. आता ती मागणार. कायद्याने म्हणा, नात्याने म्हणा, तिचा हक्क होता. मी भागाबाईंचा निरोप जसा होता तसा विचारला. नवा टाक करण्यासाठी हे वितळवू का?

“त्याला काय आवडेल ते मला कसं कळणार?” ती म्हणाली. “इतकी वर्षं तो त्यांच्याकडे राहतोय. त्यांना सांगा, मी असते तर नसतं वितळवलं. आणि परत पाठवायचं मनातही आणू नका.” मग तिने विचारलं, “ते त्याला खायला काय देतात?”

भागाबाईंनी मला तेही सांगितलं होतं. “वालाची उसळ आणि भात,” मी म्हटलं. “आणि तो साहेब आहे म्हणून कपभर चहा.”

ती हसली. मग मी शेवटचा प्रश्न विचारला. आई त्याला काय हाक मारायची?

“नेड,” ती म्हणाली. “घरात सगळे नेडच म्हणायचे.”

फोन ठेवल्यावर मामा म्हणाला, “तू एवढं बोलतेस हे तुझ्या आईला सांगायला पाहिजे.”

काशिनाथला मी सगळं सांगितलं तेव्हा तो खाली बघत ऐकत होता. इंग्लंडच्या बाईने खाण्याचं विचारलं, हे ऐकल्यावर त्याने मान वर केली. “इचारला? आमचा वाल?” मग म्हणाला, “मंग राहू द्या तसाच. दांडी कापली ती कापली, आता त्याला कोनी हात लावू नका.” म्हशाच्या सुनेने, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, पहिल्याच दिवशी पाटावरची सुपारी बघून हा कोण म्हणून विचारलं होतं. भागाबाईंनी सांगून टाकलं होतं. सून म्हणाली, आमच्याकडे एक वीर सर्कशीतला आहे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे वीरांचा नैवेद्य असतो. त्या वर्षी मला बोलावणं आलं. सारवलेल्या अंगणात पाट मांडलेला. तीन नवे, लखलखीत वीर घोड्यांवर, आणि शेवटी तो, काळपट, गोल. पुढे चार पानं. चौथ्या पानाशी सुनेने चहाचा कप ठेवला, बशीसकट.

भागाबाईंनी एकेकाला हाक मारली. वाघाने नेलेल्याला, पुरात गेलेल्याला, लग्न ठरल्यावर गेलेल्याला. आपलं पोर शेतातून जेवायला बोलवावं तशी. चौथ्या पानाशी त्या थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

“ह्याला तू हाक मार गो. तुजी भाषा वळखीची हाय त्याला.”

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. मी हाक मारली. ती मला जेमतेम ऐकू आली.

काशिनाथ माझ्या शेजारी उभा होता. डोक्यावरची टोपी नीट करत म्हणाला, “ताई, जोरात मारा. त्याला लांबून यायचा हाय.”

मी पुन्हा हाक मारली. या वेळी बांधावरून चाललेल्या दोघांनी वळून पाहिलं.